बदलीवाल्याची पाळी

पहाटेचा भोंगा होण्यापूर्वीच लालबाग, परळ, डिलाइल रोड, शिवडी या भागांतील गिरण्यांच्या दरवाजांपाशी दोन प्रकारची माणसे गोळा होत असत. ज्यांची नावे आतल्या हजेरीपटावर चढलेली होती, ती माणसे डबा सावरीत, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलत सरळ आत शिरत. उरलेली माणसे भिंतीला टेकून थांबत आणि खात्याचा मुकादम बाहेर येऊन आपल्याकडे बोट दाखवितो की काय, याची वाट पाहत. आत कोणी आजारी पडला असेल, कोणी गावी गेला असेल, कोणाच्या घरी मयत झाली असेल, तर तेवढ्या जागा त्या दिवसापुरत्या यांच्या वाट्याला येत. आणि सारेच कामावर हजर झाले असतील, तर आल्या वाटेने त्यांना परत जावे लागे. गिरणगावाच्या भाषेत यांना ‘बदलीवाले’ म्हणत. दुसऱ्याची गैरहजेरी हीच ज्याची उपजीविका, अशा या माणसाच्या इतिहासात मुंबईच्या एका मोठ्या धंद्याचा कारभार जितका स्वच्छ दिसतो, तितका तो गिरण्यांच्या ताळेबंदांतूनही दिसत नाही.

कामाच्या वेळा माणसाच्या संसाराप्रमाणे सैल कराव्यात आणि तरीही काम अडू नये, हे कसे साधावे याची चर्चा आज कचेऱ्याकचेऱ्यांतून चालते, आणि चर्चा करणाऱ्यांची समजूत अशी असते की हा पेच आपल्याच पिढीपुढे प्रथम उभा राहिला. वस्तुतः मुंबईच्या कापडगिरण्यांनी शंभराहून अधिक वर्षे या पेचाशी झुंज दिली. त्यांनी जे उपाय योजले त्यांतील काही शहाणपणाचे होते, काही क्रूर होते, आणि पुष्कळसे एकाच वेळी दोन्ही होते. त्या साऱ्या उपायांच्या मुळाशी एकच प्रश्न उभा असलेला दिसतो: सैल सोडलेल्या दोरीचे टोक कोणाच्या हाती असावे, आणि त्या सैलपणाची किंमत कोणी भरावी?

गिरणीच्या आधीचा महाराष्ट्र घड्याळावर चालत नव्हता. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट हे बलुतेदार गावाचे काम जसे निघे तसे करीत, आणि त्याचा मोबदला सुगीच्या दिवसांत खळ्यावर धान्याच्या रूपाने घेत. लोहाराने दिवसाचे किती तास भात्यापाशी बसावे हे कोणी ठरविले नव्हते. पेरणीच्या वेळी फाळ शेवटलेला असला म्हणजे झाले. मराठ्यांची फौजसुद्धा ऋतुमानाशी बांधलेली असे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहीम निघावी आणि पावसाळ्याच्या तोंडाशी शिलेदारांनी घरी परतावे, हा सामान्य रिवाज होता, आणि मोहिमेवरून आलेला शिलेदार पुन्हा शेतकरी होत असे. ही व्यवस्था न्याय्य होती असे मुळीच म्हणता येणार नाही. तिच्यात जातीची उतरंड होती, वेठ होती, आणि ज्यांच्या वाट्याला सर्वांत हलके मानलेले काम येई त्यांना सर्वांत तुटपुंजे बलुते मिळे. परंतु कामाची लय पावसाने ठरवावी, ही सवय तिने माणसाच्या अंगी इतकी खोल मुरविली होती की पुढे कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या मुंबईतही ती पुसली गेली नाही.

कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिली कापडगिरणी ताडदेवला उभी करण्याचे १८५४ मध्ये योजिले आणि १८५६ मध्ये तिचे काम सुरू झाले. त्या दिवसापासून या शहरात कामाची एक नवी कल्पना आली. चरखा आणि हातमाग हे एका माणसाच्या मर्जीने चालत व थांबत. वाफेच्या एंजिनाला जोडलेली यंत्रे मात्र सारी मिळून चालतात. पिंजलेला कापूस वेळेवर पुढे आला नाही तर कताईचे खाते अडते, सूत आले नाही तर साचे, म्हणजे विणकामाचे माग, अडतात, आणि एका साच्यावरचा माणूस आला नाही तर तो साचा दिवसभर उभा राहतो, मग एंजिनाचा कोळसा मात्र तितकाच जळतो. म्हणून गिरणीला केवळ पुष्कळ माणसे नको होती. प्रत्येक जागेवर, प्रत्येक दिवशी, एकाच क्षणी माणूस उभा असलेला हवा होता. विजेचे दिवे येण्यापूर्वी उजाडल्यापासून मावळेपर्यंत गिरणी चाले, त्यामुळे उन्हाळ्यात कामाचा दिवस फार लांबे आणि थंडीत आखूड होई. परंतु त्या दिवसाच्या आत यंत्राला विसावा ठाऊक नव्हता.

आणि या यंत्रापुढे उभा राहिलेला माणूस होता कोण? १९११ च्या खानेसुमारीत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले आढळले. उरलेल्यांत सातारा, कोल्हापूर, पुणे या बाजूचे पुष्कळ होते. कोकणच्या खोताचा वसूल, लहानशा खाचरातले अपुरे भात आणि सावकाराचे देणे यांनी त्याला मुंबईस आणले. परंतु त्याने घर काही मोडले नव्हते. बायको, म्हातारे आईबाप, दोन बैल आणि भाताचे दोन तुकडे गावीच राहत, आणि दरमहा मनिऑर्डरीने जाणारे रुपये व वर्षातून एकदा जाणारा तो स्वतः, या दोन धाग्यांनी मुंबईची खोली गावच्या उंबऱ्याशी बांधलेली असे. मृगाच्या आधी पेरणीची तयारी, शिमग्याची पालखी, गणपती, घरातले लग्न, भावकीतला तंटा, अशा कारणांसाठी त्याला जावेच लागे. पावसाळ्यात किनाऱ्याच्या आगबोटी बंद होत, म्हणून वैशाख-ज्येष्ठात धक्क्यावर कोकणी माणसाची झुंबड उडे, आणि त्याच सुमारास गिरण्यांच्या हजेरीपटावर खाड्यांची गर्दी होई. मालकांना हा माणूस बेभरवशाचा वाटे. त्याच्या दृष्टीने पाहिले तर तो दोन ठिकाणी इमानाने राबत होता, आणि गिरणीची मजुरी दोन्ही ठिकाणचा संसार पेलण्याइतकी नसल्यामुळे गावचे भात सोडणे त्याला परवडणारे नव्हते.

गिरण्यांनी या माणसाशी पहिली तडजोड केली ती अलिखित होती. दिवस बारा-तेरा तासांचा असला तरी त्यात कामगाराने मधूनमधून बाहेर जावे, तंबाखू ओढावी, जेवावे, पाण्यावर जावे, आणि तेवढा वेळ शेजाऱ्याने किंवा जादा ठेवलेल्या माणसाने त्याचे यंत्र पाहावे, अशी वहिवाट पडली. १९०८ साली अहवाल देणाऱ्या फॅक्टरी लेबर कमिशनने या प्रकाराची नोंद घेतली, आणि मालकांच्या बाजूने तो आळशीपणाचा पुरावा म्हणून पुढे केला गेला. त्याच कमिशनचे एक सभासद डॉ. टी. एम. नायर यांनी बहुमताहून वेगळे मत नोंदविले आणि प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा घालावी असा आग्रह धरला. त्यांच्या आग्रहामागचा विचार कोणाही राबणाऱ्या माणसाला पटण्यासारखा आहे: शरीराला पेलणार नाही इतका लांब दिवस लादला, की शरीर आपला विसावा चोरून मिळविते, आणि मग दिवस लांब ठेवूनही काम आखूडच होते. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. १९२२ मध्ये तो अकरा तासांचा झाला, १९३४ मध्ये दहांचा, आणि १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने दिवसाला नऊ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. प्रत्येक वेळी धंदा बुडेल अशी भीती घालण्यात आली, आणि प्रत्येक वेळी धंदा नव्या तासांशी जुळवून घेऊन चालत राहिला.

दुसरी तडजोड म्हणजे बदली. गावी जाणारा कामगार पुष्कळदा आपल्याच गावचा किंवा भावकीतला एखादा माणूस मुकादमापुढे उभा करी आणि आपण परत येईपर्यंत साचा याच्या हाती सोपवी. परतल्यावर जागा आपलीच, हा त्यातला विश्वास; आणि नवख्याला काम शिकण्याची संधी, हा त्यातला लाभ. गिरणगावातील कितीतरी कुशल विणकर असेच घडले. त्यांनी कोणत्याही शाळेत विणकाम शिकलेले नव्हते. काका गावी गेला असता त्याच्या साच्यावर उभे राहून, तुटलेला तार कसा सांधावा आणि धोट्याचा आवाज बदलला तर काय समजावे, हे ते शिकले. मुंबईतील गावकीच्या खोल्या, जिथे एकाच गावचे पंधरावीस पुरुष आपापल्या ट्रंका भिंतीशी लावून राहत आणि जेवायला खानावळवाल्या बाईकडे जात, त्या एका अर्थी या व्यवस्थेच्या कचेऱ्याच होत्या. कोण कधी जाणार, त्याच्या जागी कोण उभा राहणार, गेलेल्याचे भाडे कोण भरणार, याचे निर्णय तिथे रात्रीच्या भजनानंतर होत, आणि ते पाळले जात.

या साऱ्याची किल्ली ज्याच्या हाती होती तो जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, हा एक विलक्षण अधिकारी होता. वरच्या साहेबाला कामगारांची भाषा येत नसे, आणि त्यांच्या गावांची नावेही ठाऊक नसत. म्हणून माणसे आणणे, शिकविणे, कामाला लावणे, दटावणे आणि काढून टाकणे हे सारे जॉबरवर सोपविलेले असे. उद्या कोणत्या साच्यावर माणूस नसेल हे त्याला आदल्या रात्रीच चाळीत कळे, कारण तो त्याच चाळीत राही, त्याच तालमीत उठबस करी, आणि वाण्याकडे किंवा खोलीच्या मालकाकडे आपल्या माणसांसाठी जामीनही राही. आपल्या टोळीतील कोणाची आई आजारी आहे, कोण कर्जाने पिचला आहे, कोणाचे कोणाशी पटत नाही, हे जाणणारा असा कारभारी गिरणीला कोणत्याही पगारी हिशेबनीसाने मिळवून दिला नसता. साहेबाला फक्त इतकेच दिसे की सकाळी भोंगा झाला आणि साचे चालू झाले.

परंतु ज्या माणसाच्या मर्जीवर शेकडोंची भाकरी अवलंबून असते, त्याची मर्जी फार काळ फुकट राहत नाही. जागा मिळविण्यासाठी दस्तुरी, टिकविण्यासाठी दस्तुरी, गावाहून परत आल्यावर तीच जागा पुन्हा हाती येण्यासाठी दस्तुरी, असा जाच सुरू झाला. बायकांच्या खात्यांत हाच अधिकार नायकिणीकडे असे आणि तिथेही तीच तऱ्हा. जॉबरने स्वतःच सावकारी करावी आणि पगाराच्या दिवशी दरवाजापाशी वसुलीला उभे राहावे, हेही गिरणगावाने पाहिले. बदलीवाला तर संपूर्णपणे त्याच्या मुठीत असे. कारण कायम माणसाला निदान हजेरीपटावरच्या नावाचा आधार होता, याला कशाचाच नव्हता. आपल्याभोवती बदलीवाल्यांचा ताफा टिकावा म्हणून कायम माणसांना काही दिवस सक्तीने घरी बसवून त्यांच्या जागा बदलीवाल्यांना वाटण्याचीही चाल पडली. ज्या व्यवस्थेने कामगाराला गावी जाण्याची मुभा दिली होती, तिचेच टोक आता दुसऱ्याच्या हाती गेले होते.

बदलीच्या दरवाजात सर्वांना सारखे उभे राहता येत असे, असेही नव्हते. विणकाम खात्यात धोट्यातील सुताचे टोक तोंडाने ओढून काढावे लागे, आणि त्या निमित्ताने अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना त्या अधिक मजुरीच्या खात्याबाहेर ठेवले जाई. साचा रिकामा असो, माणूस हुशार असो, मुकादमाचे बोट त्याच्याकडे वळत नसे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा अन्याय कामगार पुढाऱ्यांपुढे स्पष्ट शब्दांत मांडला. यंत्र रिकामे राहिले तर चालेल, पण विटाळ नको, असे म्हणणाऱ्या धंद्याने उत्पादनाच्या काळजीची भाषा बोलावी, यातील विसंगती त्यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या ध्यानात येणार नाही तर कोणाच्या?

हजेरी टिकविण्यासाठी मालकांनी योजिलेले इतर उपाय पाहिले म्हणजे मन उदास होते. महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात बरेच दिवस लोटल्यावर द्यायचा, म्हणजे मागचे पैसे अडकलेले असल्यामुळे माणूस पळणार नाही, ही त्यातली एक युक्ती. एका दिवसाच्या गैरहजेरीसाठी दोन दिवसांचा पगार कापायचा, याला ‘डबल खाडा’ म्हणत. दंडाची ही मनमानी १९३६ च्या वेतन कायद्याने आवरली. त्याने दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली. याच्या पुष्कळ आधी महाराष्ट्रातच, नागपूरला, वेगळा प्रयोगही होऊन गेला होता. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी तिथे एम्प्रेस मिल सुरू केली तेव्हा वऱ्हाड-नागपूरकडचा कामगार त्यांनाही अनियमितच मिळाला. परंतु बेजनजी मेहता यांच्या देखरेखीखाली चाललेल्या त्या गिरणीने दंडापेक्षा बक्षिसांवर, हवा खेळती ठेवण्याच्या व्यवस्थेवर, निवृत्तिवेतनावर आणि भविष्यनिर्वाह निधीवर भर दिला. माणूस उद्या का येत नाही हे विचारण्याऐवजी तो उद्या का यावा हे पाहण्याची ती दृष्टी होती, आणि त्या गिरणीची भरभराट हा त्या दृष्टीचा दाखला होय.

मुंबईत मात्र ही दृष्टी मालकांना सुचण्याआधी एका सत्यशोधकाला सुचली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून हजारो सह्यांचा जो अर्ज तयार केला, त्यातील मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत: आठवड्यातून रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई. यांत कामगाराला हवे तेव्हा येण्याजाण्याची सवलत कुठेही मागितलेली नाही, आणि इथेच लोखंड्यांचे मोठेपण दिसते. मुकादमाच्या कृपेने मिळणाऱ्या दहा सुट्यांपेक्षा सर्वांना ठाऊक असलेली, कोणापुढे हात न जोडता मिळणारी एक सुटी माणसाला अधिक मोकळे करते, हे त्यांनी ओळखले होते. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीजवळच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्यांत स्त्रियाही बोलल्या, आणि त्याच वर्षी १० जून रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. आज ज्या सुटीला आपण निसर्गक्रमाइतकी सहज समजतो, ती अशी भांडून मिळविलेली आहे.

स्त्रियांच्या कथेकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण वेळेची खरी लवचिकता गिरणीत जर कुठे होती तर ती त्यांच्याच खात्यांत होती. सूत गुंडाळण्याचे काम त्या उक्त्यावर करीत. जितके काम तितके दाम. त्यामुळे घरचा स्वयंपाक उरकून पुरुषांच्या मागून यावे आणि त्यांच्या आधी परतावे, अशी मोकळीक आरंभीच्या काळात त्यांना पुष्कळ ठिकाणी मिळत असे. वरवर पाहता ही मोठी सोय वाटते. परंतु तान्हे मूल ठेवायला जागा नाही, दूध पाजायला विसावा नाही, आणि न आलेल्या तासाचे दाम नाही, अशा स्थितीत आई काय करणार? ती मुलाला अफूची बाळगोळी देई, म्हणजे ते निजून राही आणि हात मोकळे होत. मुंबईच्या कायदेमंडळाने १९२९ मध्ये बाळंतपणाच्या रजेचा व भत्त्याचा कायदा केला, डॉ. आंबेडकरांनी त्याचा जोरदार पुरस्कार केला. तरी बायकांची सोय करण्यापेक्षा बायकाच कमी करणे सोपे, असा मार्ग गिरण्यांनी पुढे धरला, आणि सुधारणेच्या नावाखाली त्यांची खाती आकसत गेली. सोय ज्याला हवी त्यानेच तिचा सारा भार वाहावा, असे ठरले की ती सोय टिकत नाही, हे या बायकांनी आपल्या मुलांच्या जिवावर अनुभवले.

एकदाच, आणि फार भयंकर प्रसंगी, सारा तोल उलटला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग आढळला आणि काही महिन्यांत लाखो माणसे मुंबई सोडून गेली. गिरण्यांचे दरवाजे उघडे आणि आत माणूस नाही, अशी वेळ आली. तेव्हा महिन्याचा पगार अडकवून ठेवण्याची चाल बाजूला पडली. रोजची मजुरी रोज हाती देऊ, असे सांगत गिरण्यांची माणसे रस्त्यांच्या नाक्यांवर कामगारांसाठी चढाओढीने बोली लावू लागली. जे काल अशक्य होते ते एका साथीने शक्य ठरले. साथ ओसरताच जुनी चाल परत आली, आणि जे भीतीपोटी दिलेले असते ते भीतीबरोबर जाते, एवढा धडा मागे राहिला.

पहिल्या महायुद्धानंतरची तेजी संपली, जपानी कापडाची स्पर्धा वाढली, आणि ‘कार्यक्षमता’ हा शब्द गिरणगावात प्रथमच भोंग्याइतका कर्कश वाजू लागला. दोन साचे सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळावेत, कताईत एका माणसाने दुप्पट बाजू पाहाव्यात, अशी योजना निघाली. माणसे कमी झाली की खाडे कमी होतील, असाही हिशेब त्यात असावा. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगारांनी गिरण्या बंद पाडल्या, आणि ना. म. जोशींसारखे नेमस्त व डांग्यांसारखे साम्यवादी एका संयुक्त समितीत बसले. संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीपुढे जे वाद झाले, त्यांत पगाराच्या दरांइतकेच महत्त्व नियमांना होते: रजा कोणी द्यावी, दंड कोणी करावा, नोकरीवरून दूर करण्याची सूचना किती दिवस आधी मिळावी. सत्तर वर्षे जे मुकादमाच्या तोंडी होते, ते कागदावर यावे, यासाठी हा झगडा होता.

१९३१ मध्ये कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटले कमिशनने जॉबरकडून भरतीचा अधिकार काढून घ्यावा आणि त्यासाठी स्वतंत्र लेबर ऑफिसर नेमावेत, अशी शिफारस केली, आणि १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणी मालकांच्या संघाने बदली नियंत्रणाची योजना अमलात आणली. तिची रचना साधी होती. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक संख्येच्या माणसांना बदलीची कार्डे द्यायची. त्यांनी रोज सकाळी दरवाजावर हजेरी लावायची. आणि त्या दिवशीच्या रिकाम्या जागा आधी याच कार्डवाल्यांतून भरायच्या. योजना सर्वत्र सारख्या इमानाने पाळली गेली नाही, आणि जॉबरची सत्ता एका दिवसात संपली नाही. परंतु दरवाजापाशी उभ्या असलेल्या माणसाला प्रथमच एक कागद मिळाला, नाव मिळाले, आणि आज जागा मिळाली नाही तर का नाही, हे विचारण्याचा आधार मिळाला. पुढे औद्योगिक कलहाच्या कायद्यात १९५३ च्या दुरुस्तीने बदली कामगाराची व्याख्याच झाली: हजेरीपटावर नाव असलेल्या दुसऱ्या कामगाराच्या जागी नेमलेला तो बदली, आणि त्याने त्या आस्थापनेत एक वर्षाची सलग सेवा पुरी केली, की काम नसल्याच्या काळातील भरपाईपुरता तो बदली मानला जाऊ नये.

कागदावरची ही प्रगती गिरण्यांत पुरती उतरली नाही. वर्षानुवर्षे बदली म्हणूनच राबणारी माणसे हजारोंनी राहिली, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा जो संप सुरू झाला, त्याच्या मागण्यांत बदलीवाल्यांना कायम करण्याचीही मागणी होती. त्या संपातून गिरणगाव पुन्हा उभे राहिले नाही, आणि बदलीवाल्याची पाळी, जिची तो पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहत होता, ती आलीच नाही.

परंतु त्याच मुंबईत, गिरण्यांपासून फार दूर नसलेल्या मसजिद बंदरच्या बाजारांत, या प्रश्नाचे एक वेगळे उत्तर घडले होते. गोणी डोक्यावरून वाहणारा माथाडी कामगार बदलीवाल्याहूनही अस्थिर. त्याला मालक ठरावीक नाही, तास ठरावीक नाहीत, आज या पेढीवर तर उद्या त्या. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. या कायद्याने कामाची लवचिकता मोडली नाही. टोळी राहिली, मुकादम राहिला, माल आला की काम आणि नाही तेव्हा नाही, हेही राहिले. फक्त मालक आणि कामगार दोघांनी कायद्याने स्थापलेल्या मंडळाकडे नाव नोंदवायचे, मजुरीबरोबर ठरलेली लेव्ही मालकाने मंडळात भरायची, आणि मंडळाने त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजेचा पगार, औषधोपचार यांची तरतूद करायची, एवढी व्यवस्था केली. टोळीची मजुरी टोळीत वाटली जात असल्यामुळे एकाने अंग चोरले तर इतरांना ते लगेच कळते. देखरेखीसाठी वेगळा पहारेकरी लागत नाही. काम अनिश्चित असले तरी माणूस अनिश्चित राहू नये, हे तत्त्व या कायद्यात जितक्या साध्या रीतीने उतरले आहे तितके क्वचितच कुठे उतरले असेल. पुढे या मंडळांच्या कारभारातही दोष शिरले, आणि माथाडीच्या नावाने खंडणी मागणारेही निघाले. त्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे, पण त्यासाठी मूळ तत्त्व टाकून देण्याचे कारण नाही.

आता साच्यांच्या जागी संगणक आले, आणि गावच्या पेरणीच्या जागी मुलाची शाळा, आईचे आजारपण, लोकलचा दोन तासांचा प्रवास आला. घरून काम, सोयीच्या वेळा, कंत्राटी नेमणूक, हे शब्द नवे आहेत. मागणी तीच आहे जी रत्नागिरीच्या आगबोटीची वाट पाहणाऱ्या माणसाची होती, आणि शंकाही तीच आहे जी हजेरीपट पाहणाऱ्या साहेबाची होती. ज्यांच्यावर आज माणसे सांभाळण्याची जबाबदारी आहे, त्यांनी या इतिहासातून निदान इतके घ्यावे. सवलत कोणाच्या मर्जीवर ठेवू नये. ती लिहून ठेवावी, सर्वांना सारखी द्यावी, आणि परत येणाऱ्याची जागा राखावी. जो दुसऱ्याच्या जागी उभा राहतो त्याचेही नाव कुठेतरी लिहिलेले असावे. सैलपणाचा लाभ दोघांना होत असेल तर त्याचा खर्चही दोघांनी सोसावा. एवढे केले तर यंत्र उभे राहत नाही, याला गावकीच्या खोलीत आपसांत ठरवून साचे चालते ठेवणारी ती माणसे साक्षी आहेत. आणि एवढे केले नाही, तर दरवाजाबाहेर भिंतीला टेकून वाट पाहणारा माणूस प्रत्येक पिढीत नव्याने जन्माला येतो. आज त्याच्या हातात कार्डाऐवजी फोन असतो, इतकेच.